चालून जाईल असा नारळ

माझी सासू मथुरा तारकर्लीत पर्यटकांना जेवू घालते. निघताना प्रत्येकाच्या हाती घरचा नारळ देते. काल एका मेल्याने बांगड्याची आमटी मागून मागून ओरपली, हातात नारळ घेतला आणि मोबाईलवर आमच्या जेवणाचा रिव्ह्यू लिहिता लिहिता बायकोला विचारलं, "'डिसेंट' लिहू की 'गुड इनफ'?"

"गुड इनफ," बायको म्हणाली.

सासूने अर्थ विचारला. मी कशाला लपवू? सांगितलं, "डिसेंट म्हणजे बरं. गुड इनफ म्हणजे चालून जाईल."

सासूचं डोकंच फिरलं. "परत परत आमटी मागलात, तेव्हा ह्यो शब्द खंय होतो?" तिने नारळ हिसकावून घेतला आणि माडाखालचा, खारीने पोखरलेला नारळ त्याच्या हातात कोंबला.

"ह्यो घेवा. गुड इनफ आसा!"