शामरावला मी जबलपूरला धाडलं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर मी दाढ दुखली तरी दिवसातून तीनदा सांगतो. आमच्या घरात गोष्ट रंगवून सांगायची झाली की सगळे माझ्याकडे बघतात. ही एकच तेवढी गिळून बसलो. आज तुम्ही समोर आहात असं धरून सांगतो.

आधी माझी फजिती. ती सोपी आहे.

गोंदियाकडच्या गोरेगावजवळच्या आमच्या खेड्यातून लॉ शिकायला नागपूरला गेलेला पहिला माणूस मी. गावानं हार घातला, हलगी वाजवली. शेवटच्या परीक्षेत दोनदा आपटलो आणि परत आलो तो गोंदियाच्या एका वकिलांकडे मुन्शी म्हणून. म्हणजे काय, तर वकीलसाहेब पुढे आणि कागदांचा बस्ता काखेत मारून मी मागे. गावात हे कुणी नीट विचारलं नाही, मीही नीट सांगितलं नाही. मित्राचा काळा कोट घालून काढलेला माझा फोटो घरच्या भिंतीवर होता. त्या जोरावर लोक मलाच वकीलसाहेब म्हणत. मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडायचो — आणि पान टाकून बंद करायचो.

शामराव माझा चुलतभाऊ. काका लवकर गेले. घरात तो आणि काकू, दोघंच. पोरगा हुशार, इतका की राग यावा. जे कलम पाठ करायला मला आठवडा लागला होता ते तो माझ्या जुन्या पुस्तकात एकदा वाचायचा आणि मलाच विचारायचा, “दादा, हे असं काऊन?” काऊन ते मला कुठे ठाऊक होतं? ठाऊक असतं तर दोनदा आपटलो असतो का? “पुढे समजते,” मी म्हणायचो. मोठ्या भावाचं हे एक बरं असतं.

तो बी.ए. झाला त्या उन्हाळ्यात काकू त्याला घेऊन गोंदियाला माझ्या खोलीवर आली. शिकलेल्या माणसाला मोठं काही विचारायचं तर आमच्याकडे रिकाम्या हातानं जात नाहीत. तिनं पायलीभर चिन्नोर तांदूळ माझ्यापुढे ठेवला.

“याले वकील व्हायचं हाये. नागपूरले जाऊ का जबलपूरले, म्हणून इचारून राहिला. तू सांगशीन तिथं जाईन, बापू.”

शामराव म्हणाला, “मले कुठंही चालते, दादा. फक्त शिकून गोंदियातच बसायचं हाये. आईले एकटं ठेवता येत नाही.”

गोंदियातच. म्हणजे त्याच कोर्टात. माझा धाकटा भाऊ काळा कोट घालून पायऱ्या चढणार, आणि त्या पायऱ्यांवर मी, काखेत बस्ता. गावचे लोक तारखेला येणार, दोघांना एकदमच बघणार. मी जळलो — दुसरा शब्द नाही.

आणि मला उत्तर ठाऊक होतं. हे महत्त्वाचं आहे, म्हणून सावकाश लिहितो. आठच दिवसांपूर्वी आमच्या वकीलसाहेबांनी दुसऱ्या एका मुलाला माझ्यादेखत सांगितलं होतं, “कॉलेजची इमारत पाहू नकोस. जिथे वकिली करायची तिथलं कॉलेज धर. सनद तिथली, जमिनीचे कायदे तिथले, ओळखी तिथल्या.” आदल्या वर्षीच राज्यं बदलली होती. कालपर्यंत आम्ही आणि जबलपूर एकाच राज्यात. आता आम्ही मुंबई राज्यात आणि जबलपूर मध्यप्रदेशात. पण आमच्या लोकांच्या डोक्यात ती रेघ उमटलीच नव्हती. गोंदियाला छोट्या गाडीत बसलं की बालाघाटवरून थेट जबलपूर, गावाला हिंदी तर येतेच — मग परकं काय त्यात?

मी काय केलं? तासभर सल्ला दिला. कुठल्या खानावळीत डाळ पातळ, कुठे खोल्या स्वस्त, नागपूरचं ऊन कसं, तिथले मास्तर कसे मुद्दाम नापास करतात — आता या विषयातला माझा अधिकार तुम्ही जाणताच. सगळं सांगितलं. सनदेचं तेवढं नाही.

“जबलपूरले जा,” मी म्हणालो. “कायदा सगळीकडे सारखाच.”

शामराव पाया पडला. मी आशीर्वादही दिला. दिला हो, पूर्ण हात डोक्यावर ठेवून.

तो वरच्या नंबरानं पास झाला. गोंदियाला आला तेव्हा आमच्या वकीलसाहेबांनीच त्याला समजावलं — सनद तिकडची, इकडे उभं राहायचं तर सगळा खटाटोप नव्यानं. शामरावनं माझ्याकडे बघितलं. मी कपाळाला हात लावला. “मले काय मालूम गा,” म्हणालो. तेव्हासुद्धा सांगता आलं असतं, नाही का?

तो रेघेपलीकडे, बालाघाटला बसला. वकिली चांगली चालली, आणि त्याचंही मला वाईट वाटलं, हेही लिहून ठेवतो. पुढे म्हणे सनद इकडे फिरवून घेता येते असं झालं, पण तोवर त्याचा जम तिकडे बसला होता. काकू धानाची बांधी, म्हणजे आपलं भाताचं शेत, सोडून जायला तयार झाली नाही. बाजाराच्या दिवशी त्याचं पत्र घेऊन ती माझ्याकडे यायची, मी वाचून दाखवायचो. वाचून झालं की कागद हातात घेऊन बसायची. “लय दूर हाये का गा बालाघाट?” एवढं विचारायची. अकरा वर्षं विचारलं तिनं. मी दर वेळी म्हणायचो, “नाही काकू, इथंच तर हाये.”

ती गेली तेव्हा तार माझ्याच हातानं केली. तो पोचला तोवर आम्ही नदीवरून परतलो होतो.

तेराव्या दिवशी जेवणाची पंगत उठल्यावर शामरावनं चार पाहुण्यांत माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “बाप नव्हता मले. जे झालो ते या दादाच्या सल्ल्यानं झालो.”

सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी मान डोलावली.