कच्चा हात

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. नव्वदच्या दशकात मुरबाडच्या एसटी स्टँडमागे एक कातारी लेथवर लाटणी करायचा. पन्नाशीत त्याला लाकडी पेनं करायची हौस लागली. प्रत्येक पेन तो आधी गालावरून फिरवून बघे. जरा टोचलं की पुन्हा घासायला घेई. शहापूरच्या एका शाळेनं बक्षिसांसाठी पेनं सांगितली, तेव्हा त्यानं माझ्या अंगणात पडलेलं शिसवाचं लाकूड मागितलं. शिसव त्यानं कधी कातलं नव्हतं.

"जड लागतंय, दादा. सुकलंय ना?"

"शिसव जडच असतं. दोन पावसाळे पडून आहे."

"तुमी बोलता म्हंजे असंल."

झाड मी आदल्याच आठवड्यात तोडलं होतं. मला अंगण मोकळं करायचं होतं.

पेनं देखणी झाली, पण महिन्याभरात मुलांच्या हातात एकेक तडकत गेलं. त्यानं सगळी परत घेतली. मी गेलो तेव्हा तो लाटणं घासत होता.

"पेनं सोडली?"

"माझा हातच कच्चा, दादा. लाटण्याला चालतो."

मी त्याचा चहा पिऊन उठलो. पुढे तो दुकान बंद करून कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही. त्याला एवढंच सांगायचं राहिलं: माझं चुकलं रे बाबा. तुझा हात नाही, माझं लाकूड कच्चं होतं.