बंद केलेली खिडकी

काल बँकेत, काउंटरवरच्या बाईंच्या स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहिलं. आमच्या पहिल्या कॉम्प्युटरवर त्या जागी वाळूचं घड्याळ दिसायचं.

टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं तेव्हा. चॅट आणि मेल एकदम चालवले की दोन्ही अडकायचे. ऑपरेशननंतर बाबांचा आवाज गेला होता, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. परदेशातल्या ताईशी ते चॅटवरच बोलायचे, एका बोटानं एकेक अक्षर शोधत. त्या दुपारी तिच्या ओळखीच्या डॉक्टरांना रिपोर्ट तासाभरात हवे होते. मी मेल उघडली, तर सगळंच गोठलं. चॅटमध्ये ताईचा प्रश्न तसाच उभा होता : ‘बाबा, घाबरलायत का हो?’

बाबांनी तो वाचला, बोट उचललं, पण अक्षर काही उमटेना.

“बाबा, एकच काहीतरी चालेल,” मी म्हणालो.

त्यांनी वहीत लिहिलं, ‘रिपोर्ट आधी.’

मी ताईच्या चॅटची खिडकी बंद केली. रिपोर्ट गेले. डॉक्टरांचं उत्तर आलं, आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. त्याच संध्याकाळी बाबांना दवाखान्यात हलवलं, ते परतलेच नाहीत. बोट उचललं होतं तेव्हा ते ‘हो’ लिहिणार होते की ‘नाही’? माणूस तरी एका वेळी किती गोष्टी वाचवणार!

“फार खिडक्या उघड्या आहेत हो,” बाई वैतागल्या. “एक बंद करून बघते.”

“नको,” मी जवळजवळ ओरडलोच. “राहू द्या. मी थांबतो.”