गुडघ्याला चॉकलेट

कुसुम जायच्या आदल्या दिवशी आम्ही नवरा-बायकोनं मिळून जे शेवटचं काम केलं, ते चोरीचं होतं.

दुपारचे चार वाजले होते. तिनं सकाळची पोळी तव्यावर गरम केली आणि मी गव्हाच्या डब्यामागे लपवलेली बाटली काढली. आमची पोरगी संध्या जर्मनीत असते. मागच्या खेपेला तिनं ही चॉकलेटची बाटली आणली होती. हे चॉकलेट चघळायचं नाही, लोण्यासारखं पोळीला लावायचं. त्यात हेझलनट नावाचा तिकडचा कुठलासा मेवा वाटून घालतात. देताना संध्यानं बजावलं होतं, "बाबा, हे तुमचं. आईला शुगर आहे, तिला बोटभरही द्यायचं नाही."

मी हो म्हटलं. (सातवी पास माणूस मी, जन्मभर कारखान्यात लोखंड कातायची खराद मशीन चालवली. न ऐकता हो म्हणायची सवय तिथलीच.)

पण एकट्याला खायला मजा येईना. समोर बायको बिनसाखरेचा चहा पिऊन राहिली आणि आपण मचमच करून राहिलो, हे काही जमेना.

"घे थोडं," मी म्हटलं.

"नको. संध्या रागावेल."

"तिला कोण सांगते?"

"तुमची मिशी सांगते. आरशात पहा."

दोन दिवस ती नको म्हणाली. तिसऱ्या दिवशी मीच पोळीला लावून तिच्या ताटात ठेवलं, तेव्हा खाल्लं. मग सुरी घेतली आणि बाटलीत मधोमध रेघ मारली. "ही बाजू तुमची, ही माझी. तुमचा हात चालू झाला की मागच्या माणसाला काही उरत नाही." तेव्हापासून रोज चार वाजता जो तो आपल्या बाजूनं खायचा. रविवारी संध्याचा फोन यायचा, "आईला गोड देत नाही ना?" मी म्हणायचो, "काहून देईन?" आणि समोर कुसुम पदरानं तोंड पुसत असायची.

त्या चोरीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. शुगरचं त्यांनी नाव काढलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही. तेव्हापासून एकच धास्ती होती, की संध्याला हे कळलं तर ती म्हणेल, बाबांनीच आईला मारलं.

माझी बाजू मी तेरवीच्या आधीच संपवली. (लाज वाटते, पण संपवली.) कुसुमची बाजू मात्र थंडीनं घट्ट होऊन बाटलीत भिंतीसारखी उभी राहिली. तिला मी हात लावला नाही.

महिन्याभरानं संध्या मला न्यायला जबलपूरला आली. "थोडे दिवस माझ्याकडे चला बाबा." आता बाटलीचं काय करायचं? घरी ठेवली तर मुंग्या लागतील, मोठ्या बॅगेत टाकली तर फुटेल. कोणाला ओळखू येऊ नये म्हणून मी वरचा कागद खरवडून काढला, बाटली टॉवेलात गुंडाळली आणि हातातल्या पिशवीत घातली. ज्या देशात ती गल्लोगल्ली मिळते, तिथं मी अर्धी उष्टी बाटली घेऊन निघालो होतो.

रेल्वेत कोणी विचारलं नाही. दिल्लीच्या विमानतळावर पिशवी मशीनमधून गेली आणि वर्दीतल्या एका पोरीनं मला बाजूला घेतलं. संध्या बायकांच्या रांगेत होती, तेवढं नशीब.

"बाबूजी, ये क्या है?"

"घुटने की दवा है, बेटी."

"कौन सी दवा?"

"जड़ी-बूटी की. कुंडम के जंगल से आती है."

तिनं झाकण उघडलं, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. "दवा है? तो लगाकर दिखाइए."

आता माघार कशी घेणार? मी पॅन्ट गुडघ्याच्या वर केली. माझी बाजू तर रिकामी, म्हणून कुसुमच्या भिंतीला बोट लावावं लागलं. मनात म्हटलं, माफ कर, आणि गुडघ्याला चोळलं. चांगलं वर्तुळात चोळलं, खोटं वाटू नये म्हणून.

बॅगेसाठी थांबलेल्या एक बाई पुढं सरकल्या. "अंकल, कहाँ मिलती है? मेरी सास के लिए चाहिए."

"बाबूजी," वर्दीवाली म्हणाली, "इस दवा से चॉकलेट की खुशबू क्यों आ रही है?"

"बूटीच तशी आहे," मी घाबरून मराठीतच बोललो.

तेवढ्यात संध्या आली. बाप एक पाय उघडा टाकून उभा, गुडघा तपकिरी, मागं रांग थांबलेली.

"दीदी, आप साथ में हैं? दवा हो या चॉकलेट, इतना अंदर नहीं जाएगा. खा लीजिए, नहीं तो यहाँ डाल दीजिए." वर्दीवालीनं कचऱ्याचा डबा दाखवला.

संध्यानं बाटलीत पाहिलं. "बाबा, ही अर्धीच काहून खाल्ली?"

"ती बाजू तुझ्या आईची आहे."

तिनं पर्समधून कागदी रुमाल काढला, खाली बसली आणि माझा गुडघा पुसू लागली. कुसुमचा हिस्सा कचऱ्यात टाकायला माझा हात धजेना. पोरगी खाली बसून गुडघा पुसून राहिली आणि मी तिच्या डोक्यावर उभा राहून तिच्या आईचं चॉकलेट बोटानं चाटून राहिलो. लाजेची गोष्ट अशी, की चांगलं लागलं. पार तळ खरवडला.

विमानात तिनं माझा पट्टा बांधून दिला. मग विचारलं, "तुम्ही द्यायचे, की आई मागायची?"

"ती मागायची," मी म्हटलं.

मेलेल्या बायकोवर ढकललं. ती काही उठून नाही म्हणणार नव्हती. त्यानंतर एअर होस्टेसनं जेवण आणलं तेही मला गिळवलं नाही. संध्याच्या घरी पोचलो, अंथरुणावर पडलो, डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संध्या कामाला निघाली होती. दारात बसून बूट घालत होती. मी मागं जाऊन उभा राहिलो.

"तुझी आई मागत नव्हती," मी म्हटलं. "दोन दिवस नको म्हणाली. मीच लावून दिलं."

तिनं दुसरा बूट घातला, नाडी बांधली. "माहीत आहे बाबा. आईनं उभ्या जन्मात कधी काही मागितलं का?"

"मग माझ्यामुळं गेली का ती?"

"डॉक्टरांशी मी तेव्हाच बोलले होते. शुगरचा संबंध नाही म्हणाले." ती उठली. "पण दर रविवारी माझ्याशी खोटं बोललात, त्याचा राग आहे मला. तो काही दिवस राहील. ब्रेड टेबलावर आहे."

दार लागलं. टेबलावर ब्रेड होता आणि शेजारी त्याच चॉकलेटची भली मोठी, भरलेली बाटली. माझ्या डोळ्यांतून पाणी येऊन राहिलं आणि मी उपाशीच उठलो, असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलं आहे. आधी चार ब्रेड खाल्ले, मग रडलो.