कापसाच्या बंडीखाली

आईच्या उजव्या दंडावर उमटलेली ती बोटं माझी होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

माझी चंदीगडला बदली झाली तेव्हा मुलाची बारावी होती, म्हणून बायको आणि तो पुण्यातच राहिले. आई माझ्याबरोबर आली. पुण्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. इथलं सरकारी क्वार्टर तळमजल्यावर, मागे कपडे वाळत घालायला मोकळी जागा. लोकांना आम्ही हे कारण सांगायचो. खरं असं होतं की तिला ठेवून घ्यायला कुणीच उत्सुक नव्हतं. मीही नव्हतो. फक्त नकार द्यायला माझ्याकडे काही कारण उरलं नव्हतं.

तिच्या हृदयाचे ठोके चुकायचे, त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. कातडी आधीच कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली. खुर्चीचा हात लागला तरी निळं, नळाची तोटी लागली तरी निळं. मग ते निळं वांग्यासारखं व्हायचं, मग शेवाळासारखं, शेवटी हळदीसारखं पिवळं होऊन विरायचं. डॉक्टर म्हणाले, "निशान की चिंता छोड़िए. गिरने मत दीजिए. सर पे लगी तो मेरे पास लाने का टाइम नहीं मिलेगा." मी मान हलवली. त्या दिवसापासून आईचं शरीर हे माझं काम झालं, आणि काम नीट झालं नाही की मला चीड येते, हा माझा ऑफिसातलाही लौकिक आहे.

मी ऑनलाइन एक चड्डी मागवली, दोन्ही बाजूंना खुब्यापाशी जाड गादी बसवलेली. आईनं ती दोन बोटांत धरून उजेडात पाहिली.

"ही कुणाच्या मापाची रे?"

"तुझ्याच. पडलीस तर खुबा वाचेल."

"ढुंगणाला उश्या बांधून हिंडू होय मी, ह्या वयात? तुझ्या वडलांनी बघितलं असतं तर हसून मेले असते."

"ते मेलेच आहेत, आई," मी म्हणालो. ती हसली. तेव्हा आम्ही अजून हसत होतो.

शेवटी मिरजेहून ताईनं शिवून पाठवलं. आईच्याच जुन्या सुती साड्यांच्या दोन बंड्या, पूर्ण बाह्यांच्या, कमरेखालपर्यंत येणाऱ्या. आत कापूस, कोपराला, मनगटाला आणि खुब्यावर दुप्पट. वरून गोधडीला घालतात तसे बारीक धावदोरे. फोनवर ताई म्हणाली, "विकतचं ती घालणार नाही. स्वतःची साडी ओळखेल, मग घालेल बघ." आणि आईनं घातली. हिवाळा होता. इथल्या धुक्यात सगळंच गाव गुंडाळलेलं असतं, त्यात ती उठून दिसली नाही.

आईजवळ दिवसभर एक बाई असायची. सकाळी मी निघायच्या आत यायची, संध्याकाळी मी आलो की जायची. आमच्याकडचं आवरून दुपारी तासभर वरच्या मजल्यावर भांडी घासायची, आणखी एका घरी संध्याकाळी पोळ्या लाटायची. उंचीनं लहानखुरी, तोंडानं फटकळ, आणि फोनवर सतत कुणाशी तरी बोलत असलेली. आईला पहिल्यांदा बंडीत पाहून ती म्हणाली, "माताजी, आज ओपनिंग आप करोगे?"

"काय म्हणते ही?"

"क्रिकेटला निघालीस का विचारतेय."

"तिला म्हणावं, तू बॉल टाक, मी बघते." मग आईनं स्वतःच्या हिंदीत सांगितलं, "तुम डालो, हम देखता."

दोघींचं बरं चाललं होतं, असं म्हणता येईल. पण आईचं सोवळं होतं. बाईनं आणलेला चहा ती प्यायची, बाईच्या खांद्याला धरून संडासपर्यंत जायची, आणि तीच बाई देवांच्या कपाटाजवळून गेली तर ओरडायची, "ए, उधर नहीं." बाईनं धुतलेलं कापड पूजेला चालायचं नाही. अंघोळ झाली की आई आपण खळबळून टाकलेली पातळ साडी नेसायची आणि पूजा होईपर्यंत दुसऱ्या कशालाही शिवायची नाही. बाईला हे सगळं कळत होतं. ती एकदा मला म्हणाली, "सर जी, माताजी को मेरा कंधा चलता है, मेरा हाथ नहीं चलता." हसत म्हणाली. मीही हसलो.

आता बंडी. कापसाची बंडी रोज धुता येत नाही. धुतली तर दोन दिवस वाळत नाही, आणि धुणार बाई. म्हणजे आईच्या हिशेबानं ती कायमची पारोशी. अंघोळीनंतर पूजा संपेपर्यंत आई उघड्या दंडांनी, उघड्या कोपरांनी, ओल्या पायांनी त्या गुळगुळीत फरशीवर वावरायची. पडायची तर तेव्हाच पडणार. हिवाळ्यात थंडीमुळे ती पूजा लवकर आटपायची. उन्हाळा आला तशी ती वेळ लांबत गेली, कारण तेवढाच वेळ तिला त्या कापसातून सुटका होती. इथल्या जूनमध्ये मी बनियनमध्ये बसू शकत नव्हतो, आणि तिला गोधडी घालून बस म्हणत होतो.

जूनमध्येच ती न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घसरली. पडली नाही, कडेला आपटली. मांडीवर परातीएवढा काळा डाग आला. डॉक्टरांनी तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आप तो पढ़े-लिखे हैं." त्या वाक्याचा अपमान मी घरी घेऊन आलो. दुसऱ्या सकाळी जाहीर केलं की आजपासून बंडी चोवीस तास. पूजेतसुद्धा.

आई म्हणाली, "पारोसं अंगावर घेऊन देवाला हात लावू?"

"देव समजून घेतो."

"तुला सांगितलं का त्यानं?"

तिनं मला तसं हरवलं की मला लहानपणापासून काही सुचत नाही. त्या दिवशी सतरा सेक्टरच्या ऑफिसात वरिष्ठ येणार होते, मी बूट घालून तयार होतो, बाई यायची होती. मी बुटांसकट स्वयंपाकघरात गेलो, जिथे तिचे देव होते. बंडी घेतली आणि तिचा डावा हात बाहीत घातला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "माझं सगळं जाईल."

"जाऊ दे."

उजवा हात तिनं छातीशी घट्ट धरला. मी तो ओढून काढला. दंडाला धरून बाहीत कोंबला. दंड मऊ होता, जास्त पिकलेल्या केळ्यासारखा, बोटं आत जात होती.

इतकी वर्षं मी मनाशी असं सांगत आलो की ते घाईत झालं. घाईत नव्हतं झालं. बाही चढली होती. बंडी अंगावर बसली होती, पुढची बटणं लावायचीच तेवढी राहिली होती, आणि माझा हात आतून अजून तिच्या दंडावर होता. मी सोडला नाही. दाबला. तिनं तोंड उघडलं, पण आवाज काढला नाही, आणि मला बरं वाटलं. एकदाची गप्प झाली असं वाटलं. मग मी हात काढला, बटणं लावली, "जपून" म्हणालो आणि ऑफिसला गेलो. वरिष्ठांची मीटिंग चांगली झाली.

त्यानंतर आईनं दंड कुणाला दिसू दिला नाही. बाईलाही नाही, अंघोळ आपली आपण करते म्हणाली. गरमीत बंडी घालून बसून राहिली. तिला पडण्यापासून वाचवायला शिवलेल्या कापसाखाली माझी बोटं झाकलेली होती.

आठवड्यानं ताई सुट्टीत राहायला आली. आल्या आल्या म्हणाली, आज आईला मी न्हाऊ घालते. बंडी काढली आणि आतूनच मला हाक मारली. मी दारात गेलो. आई स्टुलावर बसली होती. दंडावर बाहेरून चार बोटं आणि आतल्या अंगाला अंगठा, कडेनं हिरवट, मधे जांभळं. इतर डागांना आकार नसायचा. ह्याला होता.

"हे कुणी केलं?" ताईनं विचारलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग खाली बघून म्हणाली, "ती धरते की जोरात. उठवताना."

बाई चहाचे कप घेऊन माझ्यामागेच उभी होती. मराठी तिला येत नव्हतं, पण बोट कुणाकडे झालं ते कळलं.

"मैंने? माताजी, मेरी तरफ देख के बोलो."

आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. बाईनं कप खाली ठेवले, आत गेली आणि आपला पंजा आईच्या दंडावर, न टेकवता, वरच्यावर धरला. लहानखुरा हात. त्या खुणांपुढे पोरीचा वाटला.

"हाथ मत लगाव," ताई म्हणाली. "समझता नहीं? दूर."

"दीदी, देखो तो. नापो तो सही."

ताईनं पाहिलं नाही. ती आईचा चेहरा पाहत होती. मी मात्र पाहिलं, आणि दोन्ही हात पायजम्याच्या खिशात घातले. ते खिशात घालताना मला कुणी पाहिलं असेल तर त्या बाईनं.

तिला त्याच वेळी काढलं. एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण ताईला राग आवरेना. दुसऱ्या कुणाच्या आईचं असं होऊ नये म्हणाली. आमच्या ब्लॉकचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. ताईचं हिंदी कच्चं, म्हणून मजकूर मी लिहिला. आईच्या दंडाचा फोटोही मीच काढला. उजेड नीट पडावा म्हणून तिला खिडकीकडे वळायला सांगितलं, आणि ती वळली. बाईचं नाव, कुठल्या कॉलनीतून येते ते, आणि "कृपया सावधान रहें." हात जोडलेलं चिन्हही टाकलं. खाली लोकांनी भराभर लिहिलं, किती वाईट, बिचाऱ्या माताजी, आजकाल कुणावर विश्वास ठेवायचा. वरच्या मजल्यावरच्या मॅडमनी तिचं काम त्याच संध्याकाळी बंद केलं. पोळ्यांचं घरही गेलं.

ताई गेल्यावर एकदा बाई फाटकाशी आली. मी स्कूटर आत घेत होतो.

"सर जी, बस ग्रुप में एक लाइन लिख दो. गलती हो गई, इतना ही. किसकी, वो मत लिखना."

म्हणजे तिला माहीत होतं.

मी म्हणालो, "माताजी ने खुद बोला है."

"माताजी तो बेटे की माँ है," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मग खिडकीकडे बघून विचारलं, "गोली टाइम पे लेती हैं?"

मी फाटक लावून घेतलं.

आईनं नंतर बंडीला कधी नाही म्हटलं नाही. पूजा तिनं सोडून दिली. देव कपाटात तसेच राहिले, कधी तरी मी फूल वाहायचो. सकाळी मी तिच्या खोलीत गेलो की ती न सांगता उजवा हात पुढे करायची, बाहीसाठी. डोळे मिटून. मी बाही चढवायचो, अगदी हलक्या हातानं, आणि ती हात तसाच पुढे धरून ठेवायची, मी "झालं" म्हणेपर्यंत. मी कधी कधी "झालं" म्हणायला उशीर करायचो. का ते मला माहीत नाही. किंवा आहे.

आम्ही ह्या विषयावर एक शब्दही बोललो नाही. एकदा नवीन बाई मिळत नव्हती, तेव्हा आई सहज म्हणाली, "ती बरी होती रे." मी टीव्हीचा आवाज वाढवला.

ती गेली त्याला आता काही वर्षं झाली. पडून नाही, रक्तस्रावानं नाही. निमोनियानं, थंडीत, बंडी अंगात असताना. नातेवाईक म्हणाले, मुलानं फुलासारखं जपलं. ताई अजून लग्नाकार्यात सांगते, परक्या मुलखात कामाच्या बाया कशा असतात, आणि माझ्याकडे वळून म्हणते, "सांग की रे, तू तर डोळ्यांनी बघितलंयस." मी मान हलवतो.

माझी बदली पुन्हा झाली नाही, म्हणजे मी मागितली नाही. तो ग्रुप अजून आहे आणि मी त्यात आहे. पाणी कधी येणार, कुत्र्यांना खायला घालू नका, असलं तिथे येत असतं. माझा मजकूर खूप वर गेला आहे, पण पुसलेला नाही. मध्यंतरी एका नव्या भाडेकरूनं त्याच कॉलनीतल्या बाईबद्दल चौकशी केली, तर कुणीतरी तो फोटो शोधून परत टाकला. आईचा दंड, खिडकीचा उजेड. मी पाहिलं आणि फोन पालथा ठेवला.

हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे. त्या बाईला मराठी येत नाही, आणि त्या ग्रुपमध्ये मराठी वाचणारा मी एकटाच. म्हणजे इथेही मी बंडी घालूनच बसलो आहे.

तिच्या नावानिशी, त्याच ग्रुपमध्ये, हिंदीत एवढं लिहिण्याचं देणं मी लागतो: तो हात तिचा नव्हता, माझा होता. आणि दुसरं देणं आईच्या नावावरचं: तेच ताईला तोंडानं सांगणं. दोन्ही देणी अजून दिलेली नाहीत.