नको सर आणि शेंगापोळी

आमच्या स्पॅनिशच्या सरांना कुणालाही नकार देता येत नसे, आणि त्यांचं नाव मात्र पडलं होतं 'नको सर'. उमेदीची वर्षं मालवाहू जहाजावर काढून ते सोलापुरात परतले होते. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात निर्यातीचं काम बघणारे आम्ही चौघे संध्याकाळी त्यांच्या सतरंजीवर बसायचो. शहरात 'ग्लोबल' नावाच्या क्लासांना एसी होता. इथे दाण्या-गुळाची शेंगापोळी होती.

सरांचा जीव एकाच धड्यावर: 'करू नकोस' कसं म्हणायचं. बोल म्हणजे 'आब्ला', बोलू नकोस म्हणजे 'नो आब्लेस'. खा म्हणजे 'कोमे', खाऊ नकोस म्हणजे 'नो कोमास'. "शेवटी आ असला की ए करायचा, ए असला की आ. सोपं आहे की," सर म्हणायचे. "शेवट बदलायला क्षणभर थांबावं लागतं बघा. तेवढ्यात निम्मा राग उतरतो."

सराव खाता खाता चाले. एकाने 'नो कोमास' म्हटलं की दुसऱ्याचा हात थांबायचा, आणि हुकूम देणाऱ्यानेच 'कोमे' म्हणून तो उठवायचा, हा नियम. एकदा आमच्यातला अकाउंटंट मला हुकूम देऊन फोन घ्यायला बाहेर गेला. तो परत येईपर्यंत मी पोळीचा तुकडा धरून बसलो होतो आणि सर समाधानाने बघत होते.

एका संस्थेने त्यांचा सत्कार केला. पाहुण्यांचं भाषण लांबलं तसं सर शेजारून हळूच म्हणाले, "नो आब्लेस." पाहुण्यांना तो परदेशी गौरव वाटला. त्यांनी हात जोडले आणि ते आणखी बोलले.

सरांना शुगर होती, आणि शेंगापोळीचा नाद त्याहून जुना. डॉक्टरांचं ते ऐकत नसत. "त्यांना व्याकरण कुठं येतंय?" पण आमच्याच वर्गात शिकलेली त्यांची मुलगी गौरी आतून "अप्पा, नो कोमास" म्हणाली, की मुकाट्याने पोळी खाली ठेवत.

गौरीला स्पेनमध्ये नोकरी लागली. स्टेशनवर तिला सोडायला आम्हीही गेलो होतो. तिच्या जेवणाच्या डब्यातला शेंगापोळीचा तुकडा सरांनी उचलला तशी ती गाडीच्या दारातून म्हणाली, "अप्पा, नो कोमास." गाडी हलली. हुकूम उठवायचा राहूनच गेला.

त्यानंतर सरांनी गोडाला हात लावला नाही. माझ्या बढतीचा पेढाही तसाच ठेवला.

"सर, फोनवर उठवून घ्या की," मी म्हटलं.

"नको. राहू दे. कुणीतरी अडवतंय म्हटलं की बरं वाटतं."

त्यांच्या तोंडून स्वतःसाठी आलेला 'नको' मी तेवढाच ऐकला.

गेल्या वर्षी सर गेले. गौरी आली. तिने फोटोला विभूती लावली, पुढे शेंगापोळीची ताटली ठेवली. मग हळूच म्हणाली, "अप्पा, कोमे."

थोड्या वेळाने तिने तीच ताटली आमच्यापुढे सरकवली. आम्हाला कुणाचा हुकूम नव्हता. तरी चौघांपैकी एकाचाही हात पुढे झाला नाही.