बिनखोडीची गाडी

कुठलीही वस्तू दारात आली की आप्पा आधी तिच्याभोवती एक फेरी मारायचे. मग तिच्या मागे जाऊन उभे राहायचे, टोपी जरा वर सरकवायचे आणि विचारायचे, "खोड काय शे?"

मिक्सर आला तेव्हा विचारलं, इन्व्हर्टर आला तेव्हा विचारलं. मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा नवरदेवाच्या बापाला विचारलं. मी पाटबंधारे खात्यात बदली होऊन शहाद्याला आलो आणि त्यांच्या शेजारच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तेव्हा माझ्यादेखत त्यांनी घरमालकाला विचारलं, "याले खोड काय शे?"

घरमालकाने थोडा विचार केला. म्हणाला, "पेपर वाचस. मोठ्ठ्यानं."

"चाली," आप्पा म्हणाले आणि माझी सतरंजी स्वतः उचलून आत घेऊन गेले.

आप्पा गुरांच्या बाजारातले दलाल. बैल, म्हशी आणि सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे. हातावर उपरणं टाकायचं, त्याखाली समोरच्याची बोटं धरायची आणि दाबून भाव सांगायचा. बाहेर उभ्या माणसाला वाटावं, दोन मित्र बऱ्याच दिवसांनी भेटलेत. पण उपरणं खांद्यावरून उतरण्याआधी त्यांचा एक नियम असे. आधी खोड, मग भाव. बैल मारका आहे की मानेवर जू ठेवलं की खाली बसतो, ते मालकाने चारचौघांत सांगायचं. "मन्हा ढोरम्हा काहीच खोड नही" म्हणणाऱ्या मालकाकडे ते पाठ फिरवायचे. तरणंबांड जनावर स्वस्तात मिळतंय म्हटलं की ते दोन पावलं मागेच सरायचे. स्वस्त वस्तू बघून हुरळणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील; घाबरणारा हा मी एकच पाहिला.

त्यांच्या घरातली खोड मात्र सगळ्या गल्लीला ठाऊक होती. जिजींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, गाडी लागायची. लागायची म्हणजे कशी? एसटी स्टँडवरून सुटायच्या आधीच जिजी खिडकीकडे सरकलेल्या असत. आल्याचा तुकडा, लिंबू, पोटावर वर्तमानपत्र, सगळं झालं होतं. मोटरसायकलवर त्यांची कंबर गावाबाहेर टिकत नसे. एकुलती एक मुलगी सुरतला दिलेली. जिजी तीनदा निघाल्या आणि तीनही वेळा नंदुरबारला उतरून, तोंड धुऊन परत आल्या. नातू चार वर्षांचा झाला तरी आजीला त्याने फक्त फोनवर पाहिलं होतं. आजी मोबाईलमध्ये राहते आणि रात्री चार्जिंगला लागते, असं त्याचं पक्कं मत होतं. आम्ही हसायचो. जिजीही हसायच्या, आणि मग चुलीकडे बघत बसायच्या.

शेवटी आप्पांनी ठरवलं, एक जुनी जीप घ्यायची. चारी बाजूंनी वारा आला की बाईला मळमळणार नाही. घरावर स्लॅब टाकायला पैसे साठवले होते, ते काढले. मला चारचाकी चालवता येते, एवढ्या अपराधावरून मलाही सुरतला नेलं.

त्यांचा जावई जुन्या गाड्यांच्या व्यवहारात होता. त्याने दोन-तीन जीपा दाखवल्या. आप्पांनी प्रत्येकीची खोड विचारली आणि ती इतकी निघाली की आम्ही कंटाळून चहाला चाललो. वाटेत एका बंगल्यासमोर जावई थांबला. म्हणाला, "मामा, नुसती मजा म्हणून पाहा."

आत एक लालभडक गाडी उभी होती. दोनच सीट, बसकी, छप्पर नाही. म्हणजे होतं, पण बटण दाबलं की मागे घडी होऊन पेटीत जायचं. मालक विशी-बाविशीतला मुलगा. गाडी घेऊन काही महिनेच झाले होते. बापाशी बिनसलं होतं आणि संध्याकाळपर्यंत ही दारातून हलली पाहिजे असा बापाचा हुकूम होता. मागत होता तो भावही निम्म्याच्या खालचा.

आप्पांनी फेरी मारली. जनावराच्या मानेवरून फिरवावा तसा बॉनेटवरून हात फिरवला. मला म्हणाले, "मांगे चालाडी देख." घोडं मागे नीट चाललं म्हणजे कंबर चांगली, हे मला माहीत होतं. मी गाडी मागे घेतली. कंबर चांगली निघाली.

"खोड काय शे?"

जावयाने हिंदीत समजावलं. पोरगा म्हणाला, "कुछ नहीं अंकल. एकदम नई है."

आता आप्पा पाठ फिरवणार, हे मी ओळखलं. पण त्यांनी एकदा वर पाहिलं. छप्पर नव्हतं, वर सरळ आभाळ होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा, खोड न कळताच, त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून त्या पोराच्या हातावर टाकलं.

पोरगा दचकला. उपरण्याखाली एक म्हातारा आपली बोटं एकेक करून दाबतोय, आणि तेही डोळ्यांत डोळे घालून, याचा अर्थ त्याला कळेना. घाबरून तो मान हलवू लागला. "हां अंकल. हां. हाथ छोडो ने." आप्पांच्या शास्त्रात मान हलली म्हणजे सौदा झाला. त्यांनी उपरणं झटकलं आणि मोठ्याने आकडा जाहीर केला. सारंगखेड्याला एखादी चांगली घोडी जाते, तेवढा. पोरगा रडकुंडीला आला. पण बाप वरच्या गॅलरीतून सगळं बघत होता. त्याने तिथूनच गुजरातीत देऊन टाकायला सांगितलं, "आपी दे."

परतताना नवापूरच्या चहाच्या टपरीवर लोकांनी आम्हाला घेरलं आणि लग्न कोणाचं म्हणून विचारलं.  गाडी पुन्हा निघाली तरी आप्पा एका हाताने टोपी धरून इंजिनाचाच आवाज ऐकत होते. "पुढे खोड निंघी," एवढंच म्हणाले. "इतली स्वस्त शे, तं निंघीच."

दारात गाडी थांबली. जिजी बाहेर आल्या, त्यांनी आधी गाडीकडे आणि मग घराच्या पत्र्यांकडे पाहिलं.

"घरवर छप्पर टाकाले पैसा लई ग्यात," त्या म्हणाल्या, "आन् बिनछप्परनी गाडी लई उनात."

त्या दिवसापासून सगळी गल्ली खोड शोधायला लागली. कोणी म्हणालं पेट्रोल पिते, कोणी म्हणालं गतिरोधकावर पोट घासते. पोटाचं खरं होतं, पण आप्पांनी ती खोड मानली नाही. म्हणाले, ठेंगणं जनावर आहे, सावकाश न्यायचं. वरातीसाठी मागायला रांग लागली. आप्पा प्रत्येकाला सांगायचे, "आजून खोड सापडनी नही. तुम्हना नवरदेवले काही व्हयनं तं?" मग कोणी पुन्हा विचारत नसे.

पण खरी अडचण दुसरीच होती, आणि ती आम्हा शहाण्यांपैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. सीट दोन. गाडी चालवता येणारा मी. म्हणजे जिजींना सुरतला नेलं तर आप्पा घरी. मी मोठ्या मनाने तयारी दाखवली. जिजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"भाऊ, तुम्हना संगे मी सुरत जाऊ आन् हाऊ मानूस आठे घर राखी? लोके काय म्हनतीन?"

तेव्हा सत्तरीला टेकलेले आप्पा गाडी शिकायला लागले. बाजार नसेल त्या दिवशी गुरांच्या बाजाराच्या मैदानात. ब्रेक दाबताना ते तोंडाने "हो... हो... हो" करायचे आणि गाडी थांबली की डॅशबोर्ड थोपटायचे. पाय आणि आवाज यांपैकी कशाने थांबली, यावर त्यांचं आणि माझं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. लायसन्स मिळालं त्या दिवशी मला पेढा दिला आणि म्हणाले, "तू शिकाडस बरा, पन वरडस भलता."

पहिल्यांदा ते जिजींना तापीकाठच्या प्रकाशा गावापर्यंत घेऊन गेले. तापीचा पूल ओलांडून परत आले तेव्हा आम्ही सगळे ओट्यावर बसलो होतो.

"मळमळ?" आप्पांनी विचारलं.

"नही."

"डोकं?"

"नही."

"मंग उतर."

"उतरत नही," जिजी म्हणाल्या. "आजून चाला."

सुरतला जायला त्यांना सगळा दिवस लागला. उसाच्या ट्रॉल्यांनी त्यांना ओव्हरटेक केलं. संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला, आणि पहिल्यांदाच जिजी पलीकडच्या बाजूला होत्या. नातू त्यांच्या गालाला बोट लावून बघत होता, पुन्हा पुन्हा. मी फोन बायकोच्या हातात दिला. डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू.

मग ते दोघे घरात दिसेनासेच झाले. तोरणमाळ, उनपदेव, दर महिन्याला सुरत. जिजी कानाला मफलर, आप्पा टोपीला दोरी. एकदा आप्पांनी मला कुंपणाजवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, "सापडनी खोड."

"काय?"

"गाडीले नही. तुम्हनी जिजीले. घरम्हा थांबतच नही आते."

इतका आनंदलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

मागच्या हिवाळ्यात आप्पा गेले. बाजारातून आले, जेवले, जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. गाडी पत्र्याच्या पडवीत उभी राहिली. पावसाळ्यात घर गळायला लागलं तेव्हा लेक-जावयाने सांगितलं, आता गाडी विका आणि स्लॅब टाका. नाशिककडचा एक हॉटेलवाला बघायला आला.

"काकू, गाडीत काही प्रॉब्लेम तर नाही ना?" त्याने विचारलं.

आधी खोड, मग भाव. जिजींनी मफलर बांधला. "एक चक्कर मारा," त्या म्हणाल्या. "मी बाजूले बठस. खोड व्हई तं मीच सांगसू."

गाडी कोपऱ्यावर वळली आणि पाचच मिनिटांत परत आली. जिजी दार उघडून कशाबशा उतरल्या आणि गटारीशी वाकल्या. मी धावत जाऊन पाठ धरली. हॉटेलवाला पांढराफटक पडला होता.

"अहो, तिसाच्या वर नेलीच नाही मी. छप्परही उघडंच होतं."

जिजींनी चूळ भरली, पदराने तोंड पुसलं. मग आप्पा बसायचे त्या सीटवरून हात फिरवला. आप्पांचा मला त्या क्षणी फार राग आला. एवढ्यात जायची काय घाई होती या माणसाला?

"गाडीम्हा काहीच खोड नही," जिजी हॉटेलवाल्याला म्हणाल्या. "खुशाल लई जा."

व्यवहार झाला, गाडी गेली. जिजी पायरीवर बसल्या. मी पंखा बाहेर ओढून त्यांच्याकडे वळवला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "आते मी सुरत कशी जाऊ?"